घरून व्हिडिओ कॉलवर चांगले दिसण्यासाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची मुलाखत, कार्यालयीन बैठक, शिकवणी, डॉक्टरांचा सल्ला आणि दूरच्या माणसांशी गप्पा, अशी अनेक कामे आता घरातल्या एका कोपऱ्यातून व्हिडिओ कॉलवर होतात आणि त्या प्रत्येक वेळी आपण स्क्रीनवर कसे दिसतो, हा विचार मनात येतोच. पुढील उत्तरांत चेहरा बदलण्याचे उपाय फारसे सापडणार नाहीत. चेहरा आहे तसा, स्पष्ट आणि प्रसन्न दिसावा यासाठी खोलीत काय हलवावे, हे मात्र सविस्तर सापडेल.

प्रश्न : आरशात मी ठीक दिसते, मग व्हिडिओ कॉलवर इतकी वेगळी आणि थकलेली का दिसते?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुधा स्वतःच्या रूपाविषयीच शंका वाटू लागलेली असते, म्हणून आधी हे ठामपणे सांगायला हवे की दोष चेहऱ्याचा नसतो. फरक पडतो तो अंतर, उजेड आणि सवय या तीन गोष्टींमुळे.

अंतराचे गणित सोपे आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटिमीटर धरली, तर कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असताना कान त्याच्यापासून ४२ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे कानांच्या मानाने नाक सुमारे १.४ पट मोठे उमटते. तोच कॅमेरा ९० सेंटिमीटरवर नेला की हे प्रमाण १.१३ पटीपर्यंत खाली येते आणि चेहरा समोर बसलेल्या माणसाला दिसतो तसा प्रमाणबद्ध दिसू लागतो. फोन हातात धरून केलेल्या कॉलवर नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसतात, त्याचे कारण हेच.

सवयीचा भाग अधिक गमतीचा आहे. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात, म्हणजे उजवे-डावे उलटलेले पाहतो, आणि कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांना त्यांचेच छायाचित्र सरळ आणि उलटे अशा दोन रूपांत दाखवले होते. त्यांचा कल आरशातल्यासारख्या उलट्या चित्राकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ चित्राकडे. कॉल सुरू असताना बहुतेक अॅप आपल्याला आपले चित्र आरशासारखे उलटे दाखवतात, पण समोरच्यांना ते सरळच दिसते आणि रेकॉर्डिंगमध्येही सरळच उतरते. त्यामुळे स्वतःचे रेकॉर्डिंग पाहताना भांग भलत्याच बाजूला गेल्यासारखा आणि ओठ किंचित वाकडे वाटतात. जे चित्र आपल्याला खटकते, तेच आपल्या माणसांच्या ओळखीचे आणि आवडीचे असते.

राहिला उजेड. थकवा दिसतो तो मुख्यतः त्याच्यामुळे, आणि त्याला स्वतंत्र उत्तर हवे.

प्रश्न : एकच गोष्ट सुधारायची असेल, तर कोणती सुधारावी?

उजेडाची दिशा. महागडा कॅमेरा, नवे कपडे, चेहऱ्यावरची निगा, या सर्वांहून अधिक फरक खुर्ची फिरवल्याने पडतो, आणि त्यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही.

कॅमेरा चौकटीत एकूण किती उजेड आहे हे पाहून चित्र किती उजळ ठेवायचे ते आपोआप ठरवतो. पाठीमागे खिडकी असेल तर चौकटीचा मोठा भाग झगझगीत असतो. कॅमेरा तो आवरण्यासाठी सगळे चित्र गडद करतो आणि चेहऱ्याची काळी आकृती उरते. काही कॅमेरे चेहरा ओळखून त्यावर उजेड बेततात, परंतु मग खिडकी पांढरीफटक होते आणि चेहऱ्याभोवती धुरकट कडा दिसते.

दिवसा एकदा हा प्रयोग करून पाहावा. खिडकीकडे पाठ करून बसावे, कॅमेरा सुरू करावा आणि लॅपटॉपसह स्वतः हळूहळू फिरत जावे. खिडकी खांद्याच्या रेषेत आली की अर्धा चेहरा उजळतो, उरलेला अंधारात राहतो आणि नाकाची लांब सावली दुसऱ्या गालावर पडते. आणखी फिरून खिडकी लॅपटॉपच्या मागे, किंचित एका बाजूला आली की ती सावली आखडते, डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकी होतात, कपाळावरच्या रेषा बुजतात आणि दोन्ही बुबुळांत खिडकीचा एक लहानसा पांढरा चौकोन चमकू लागतो. तो चौकोन दिसला की थांबावे. डोळ्यांतली ही चमक छायाचित्रकार मुद्दाम साधतात, कारण ती नसेल तर हसरा चेहराही निस्तेज वाटतो.

खिडकी अगदी नाकासमोर ठेवण्यापेक्षा थोडी बाजूला ठेवलेली बरी, कारण हलक्या सावलीमुळे गालांना आणि जबड्याला उठाव येतो. मात्र थेट ऊन चेहऱ्यावर येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढून घ्यावा, अन्यथा डोळे बारीक होतात आणि कपाळावर पांढरे डाग उमटतात.

प्रश्न : खोलीत सोयीची खिडकी नाही, किंवा कॉल रात्रीच असतात. अशा वेळी काय करावे?

खिडकीचे काम दिव्याकडून करून घ्यावे, पण ते करून घेताना खिडकीचा मुख्य गुण ध्यानात ठेवावा. खिडकीचा उजेड मऊ वाटतो, कारण तो मोठ्या पृष्ठभागावरून येतो. उघडा बल्ब लहान असल्यामुळे त्याच्या सावल्या धारदार पडतात. म्हणून टेबल लॅम्पचा झोत थेट चेहऱ्यावर सोडू नये. लॅपटॉपमागची भिंत पांढरी किंवा फिकी असेल तर लॅम्प तिच्याकडे वळवावा, म्हणजे सगळी भिंतच दिव्यासारखी उजळते आणि तिचा परतलेला उजेड चेहऱ्यावर सर्वत्र सारखा पसरतो. भिंत गडद किंवा रंगीत असेल तर तिथे मोठा पांढरा पुठ्ठा उभा करावा. रंगीत भिंतीचा रंग चेहऱ्यावर उतरतो, आणि हिरव्या भिंतीमुळे माणूस आजारी दिसतो.

अंतराचाही हिशेब ठेवावा. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की चेहऱ्यावर पोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा साधा दिवा अधिक उपयोगी पडतो.

छतावरचा दिवा किंवा भिंतीवर उंच लावलेली ट्यूबलाइट हाच एकमेव उजेड असेल, तर डोळ्यांच्या खोबणींत, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावल्या साचतात. झोप पुरेशी झालेली असूनही कॉलवर माणूस थकलेला दिसतो तो या सावल्यांमुळे. त्यावर पटकन करण्याजोगा उपाय म्हणजे लॅपटॉपच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पांढरे कागद किंवा पांढरे कापड पसरणे. वरून येणारा उजेड त्यावरून परततो आणि या सावल्या बऱ्याच प्रमाणात उजळतात. शक्य असेल तेव्हा डोक्याच्या थेट वर असलेला दिवा बंद करून समोरचा लावावा.

प्रश्न : माझा चेहरा कधी पिवळा, तर कधी निळसर का दिसतो?

प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बचा पिवळसर उजेड सुमारे २७०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विनचा, तर ढगाळ आकाशाचा ६५०० केल्विनच्या आसपासचा किंवा त्याहून जास्त. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होत जातो. आपला मेंदू हा फरक सहज जुळवून घेतो. कॅमेराही घेतो, पण त्याला एका वेळी एकाच रंगाचा हिशेब जमतो. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असेल तर त्याची फसगत होते: एक गाल निळा आणि दुसरा नारिंगी. तेव्हा कॉलपुरते खोलीत एकाच प्रकारचे दिवे चालू ठेवावेत. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो, तो पाहून दिवे निवडावेत. ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यानचा उजेड बहुतेकांच्या त्वचेवर स्वाभाविक दिसतो. खोक्यावर रंग किती खरे दिसतील याचा निर्देशांकही, म्हणजे सीआरआय, दिलेला असेल तर तो ९० किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा, कारण कमी निर्देशांकाच्या दिव्याखाली त्वचा मेणचट दिसते.

प्रश्न : चित्रावर आडवे पट्टे सरकतात. कॅमेरा बिघडला आहे का?

बहुतेक वेळा नाही. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तने घेतो, आणि त्यावर चालणारे अनेक दिवे त्याच्या दुप्पट वेळा, म्हणजे १०० किंवा १२० वेळा, मंद-तेज होत राहतात. डोळ्यांना हे जाणवत नाही, पण कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपत असल्यामुळे त्यात पट्टे उमटतात. कॅमेऱ्याच्या किंवा अॅपच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ असे पर्याय असतात. आपल्या वीजपुरवठ्याशी जुळणारा निवडावा. तरीही पट्टे राहिले तर दिवा बदलावा.

प्रश्न : रिंग लाइट घ्यावा का?

वर सांगितलेले उपाय करूनही उजेड अपुरा वाटत असेल आणि रोज अनेक तास कॉल असतील तरच घ्यावा. चष्मा वापरणाऱ्यांनी तर आयताकृती आणि मऊ आवरणाचा दिवा घेणे बरे, कारण रिंग लाइटचे गोल कडे काचांवर हमखास उमटते.

प्रश्न : लॅपटॉप नेमका कुठे आणि किती उंचीवर ठेवावा?

कॅमेऱ्याची उंची डोळ्यांच्या रेषेत, किंवा त्याहून दोन बोटे वर असावी. टेबलावर सरळ ठेवलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा आपल्याकडे खालून वर पाहतो. त्यामुळे हनुवटी जड दिसते, नाकपुड्या समोर येतात, डोळे अर्धवट मिटल्यासारखे वाटतात आणि पाठीमागे छत व पंखा दिसतो. लॅपटॉपखाली जाड पुस्तकांची चळत ठेवली की ही तक्रार मिटते. चळत ठेवताना सर्वांत रुंद पुस्तक तळाशी ठेवावे आणि लॅपटॉपची स्क्रीन जवळजवळ उभी, म्हणजे कीबोर्डशी काटकोनात करावी. स्क्रीन मागे झुकलेली राहिली तर उंची वाढवूनही कॅमेरा कपाळावरून छताकडेच पाहत राहतो. अशा उंचीवर टाइप करणे अवघड जाते आणि प्रत्येक बोटागणिक चित्रही हादरते, म्हणून लिहिण्याचे काम असेल तर वेगळा कीबोर्ड जोडावा.

अंतर हातभर किंवा थोडे अधिक, म्हणजे साधारण ६० ते ९० सेंटिमीटर असावे. डोळे चौकटीच्या वरून एक तृतीयांश उंचीवर यावेत, डोक्यावर थोडी जागा सुटावी आणि खाली छातीपर्यंतचा भाग दिसावा. हात चौकटीत येऊ शकले तर फारच चांगले, कारण बोलताना हातवारे दिसले की बोलणे जिवंत वाटते. चेहऱ्याने सगळी चौकट भरून टाकली तर समोरच्याला आपण त्याच्या अंगावर आल्यासारखे वाटते. चेहरा आपोआप चौकटीच्या मधोमध ठेवणारी सोय काही उपकरणांत असते; बोलताना चौकट सारखी सरकते आणि पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होते, म्हणून एका जागी बसून बोलायचे असेल तर ती बंद ठेवावी.

प्रश्न : बोलताना कॅमेऱ्याकडे पाहावे की समोरच्याच्या चेहऱ्याकडे?

दोन्ही एकाच वेळी शक्य नसते, हीच व्हिडिओ कॉलची मूळ अडचण आहे. तरीही थोडी मोकळीक मिळते. मिल्टन चेन यांनी २००२ साली मांडलेल्या संशोधनात असे दिसले की नजर कॅमेऱ्याच्या थोडी खाली असेल तर समोरच्याला तरीही नजरेला नजर भिडल्यासारखे वाटते, पण ती डावीकडे, उजवीकडे किंवा वर गेली तर लगेच जाणवते. यावरून सोपा उपाय निघतो: समोरच्याच्या चित्राची खिडकी लहान करून ती स्क्रीनच्या वरच्या कडेला, बरोबर कॅमेऱ्याखाली आणून ठेवावी. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले तरी आपण त्याच्याकडेच पाहत आहोत असे दिसते, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भावही आपल्याला वाचता येतात.

सतत कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे टक लावण्याची गरज नाही. त्याने नजर ताठरते. स्वागत करताना, महत्त्वाचे वाक्य बोलताना आणि निरोप घेताना कॅमेऱ्याकडे पाहिले की पुरते. दोन स्क्रीन वापरणाऱ्यांनी ज्या स्क्रीनवर कॅमेरा आहे तिच्यावरच कॉल ठेवावा, नाहीतर सगळ्या बैठकीत आपला कानच लोकांना दिसत राहतो. बुबुळे कॅमेऱ्याकडे वळवल्याचा आभास निर्माण करणारी सॉफ्टवेअर आता मिळतात, पण मान किंवा पापण्या हलल्या की त्यांतला कृत्रिमपणा उघड होतो. मुलाखतीसाठी ती वापरू नयेत असे मला वाटते.

प्रश्न : चष्म्यावर दिवा आणि स्क्रीन चमकतात. चष्मा काढून बसावे का?

चष्मा काढल्यावर नीट दिसत नसेल तर मुळीच काढू नये; डोळे बारीक करून पाहणारा माणूस कॉलवर अवघडलेला दिसतो. उजेड काचेवर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, त्यामुळे दिवा कॅमेऱ्यापेक्षा बराच उंच आणि बाजूला नेला की प्रतिबिंब कॅमेऱ्यात शिरत नाही. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलल्या की काचा थोड्या खाली झुकतात आणि उरलेली चमकही बहुधा जाते. स्क्रीनचे प्रतिबिंब कमी करण्यासाठी तिचा उजळपणा उतरवावा आणि गडद रंगसंगती निवडावी. काचांवरच्या प्रतिबिंबातून स्क्रीनवरचा मोठ्या अक्षरांतला मजकूर इतरांना वाचता येण्याची शक्यता असते, म्हणून खासगी कागदपत्रे उघडी असताना ही काळजी अधिक घ्यावी. नवा चष्मा करायचाच असेल तर प्रतिबिंबरोधक थर असलेल्या काचा सांगाव्यात.

प्रश्न : माझा वर्ण गडद आहे आणि कॅमेऱ्यात चेहऱ्याचे बारकावे हरवतात. यावर उपाय आहे का?

आहे, आणि हेही स्पष्ट सांगायला हवे की ही उणीव तंत्रज्ञानाच्या इतिहासातून आलेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक वर्षे छायाचित्रांचे रंग जुळवण्यासाठी छपाई प्रयोगशाळा कोडॅकची जी नमुना कार्डे वापरत, त्यांवर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. ती ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली जात. रंगांचा मापदंड गोऱ्या त्वचेवर बेतलेला असल्यामुळे गडद त्वचेच्या छटा चित्रात नीट उतरत नसत. अलीकडे काही कंपन्यांनी त्यात सुधारणा केली आहे. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनबरोबर ‘रिअल टोन’ या नावाने असे बदल आणले. परंतु घरातल्या साध्या वेबकॅमला अजूनही आपणच मदत करावी लागते.

पांढऱ्या भिंतीसमोर बसणे टाळावे, कारण उजळ पार्श्वभूमीमुळे कॅमेरा सगळे चित्र आणि त्यासोबत चेहराही गडद करतो. मध्यम छटेची, थोडी गडद पार्श्वभूमी आणि मध्यम रंगाचे कपडे असतील तर कॅमेरा आपोआप चेहऱ्याला अधिक उजेड देतो. उजेड तीव्र करण्यापेक्षा त्याचा पृष्ठभाग मोठा करावा आणि तो एका बाजूने थोडा अधिक येऊ द्यावा. गडद त्वचेवर मोठ्या मऊ उजेडाची हलकी झळाळी फार सुंदर दिसते आणि गालाची, कपाळाची घडण तिच्यामुळेच उमटते. चेहरा गोरा करणारे फिल्टर लावू नयेत. ते उजेडाची कमतरता भरून काढत नाहीत, उलट त्वचेचे सगळे बारकावे पुसून टाकतात.

प्रश्न : कपडे कोणत्या रंगाचे असावेत?

एकरंगी आणि मध्यम छटेचे. शुभ्र कपड्यांमुळे चेहरा काळवंडतो, अगदी काळ्या कपड्यांत घड्या आणि शिवण दिसेनाशा होऊन नुसते काळे धड असल्याचा भास होतो. बारीक रेघा, लहान चौकटी आणि दाट विणीचे नक्षीकाम कॅमेऱ्याच्या बिंदूंच्या जाळीशी जुळत नाही, त्यामुळे कापडावर लाटा सळसळल्यासारख्या दिसतात. पार्श्वभूमीपेक्षा कपड्यांचा रंग वेगळा असावा. चौकटीत गळ्याजवळचा भागच मुख्यतः दिसतो, तेव्हा तिथली इस्त्री आणि गळ्याचा आकार नीट असावा. पूर्ण पोशाख करावा की नाही, याचे उत्तर सोपे आहे: अचानक उठावे लागू शकते.

प्रश्न : चेहरा तेलकट दिसतो. मेकअप करणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. कपाळ, नाक आणि हनुवटी कॉलच्या आधी टिश्यू पेपरने टिपून घेतली की चमक बरीच कमी होते. हा उपाय स्त्री-पुरुष सर्वांसाठी सारखाच आहे. मेकअप करण्याची सवय असेल तर चकाकी असलेली प्रसाधने टाळावीत आणि तयारी ज्या उजेडात बसणार त्याच उजेडात, कॅमेऱ्यात पाहून करावी, कारण न्हाणीघरातल्या दिव्याखाली योग्य वाटलेला रंग खिडकीसमोर भडक ठरू शकतो. झूमसारख्या अॅपमध्ये चेहरा मुलायम करणारी सोय असते. ती अगदी कमी प्रमाणात ठेवली तर हरकत नाही. जास्त वाढवली की भुवया आणि दाढीचे केससुद्धा विरघळतात. कमी उजेडात चित्र उजळ करण्याची सोयही असते, तिने मात्र चित्रात रवाळ ठिपके वाढतात.

प्रश्न : घरात वेगळी खोली नाही आणि मागे पसारा दिसतो. कृत्रिम पार्श्वभूमी लावावी का?

आधी कोन बदलून पाहावा. खोलीचा एखादा कोपरा, कपाटाचे बंद दार किंवा पडदा एवढे मागे असले तरी भागते. पाठीमागे मीटरभर मोकळी जागा ठेवली तर आपण भिंतीला चिकटल्यासारखे दिसत नाही. तेही जमत नसेल तर चित्र लावण्याऐवजी पार्श्वभूमी अस्पष्ट करण्याचा पर्याय निवडावा. सॉफ्टवेअर प्रत्येक क्षणी माणूस कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते याचा अंदाज बांधत असते, आणि कुरळे केस, बोटे, खुर्चीची पाठ किंवा हातात धरलेला कागद यांच्यापाशी तो चुकतो. अस्पष्ट पार्श्वभूमीत ही चूक फारशी दिसत नाही. समुद्रकिनाऱ्याच्या चित्रासमोर मात्र अर्धा कान गायब झालेला लगेच दिसतो. चेहऱ्यावर पुरेसा उजेड असेल तर हा अंदाज अधिक अचूक ठरतो.

घरात माणसे राहतात, त्यांचा वावर असतो, आणि त्याबद्दल कोणी ओशाळे होण्याचे कारण नाही. त्यांना आपल्या कॉलची वेळ आधी सांगून ठेवावी आणि त्यांची परवानगी नसताना ती चौकटीत येणार नाहीत एवढी दक्षता घ्यावी.

प्रश्न : नवा वेबकॅम घ्यावा, की फोन वापरावा?

हाताशी बरा फोन असेल तर आधी तोच वापरून पाहावा. बहुतेक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यांपेक्षा फोनचा मागचा कॅमेरा सरस असतो. आयफोन असेल तर २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरा या संगणक प्रणालीपासून तो मॅक संगणकाला वेबकॅम म्हणून जोडता येतो, आणि अँड्रॉइड १४ पासून काही फोनांत यूएसबी केबलने अशीच सोय मिळते. फोनवरूनच थेट कॉल करायचा असेल तर तो आडवा करून स्टँडवर किंवा पुस्तकांना टेकवून ठेवावा. हातात धरलेला फोन हलत राहतो आणि पाहणाऱ्यांना गरगरते.

प्रश्न : उजेड चांगला असूनही चित्र पुसट दिसते. असे का होते?

आधी कॅमेऱ्याची काच चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसावी. लॅपटॉप उघडता-मिटताना बोटांचा तेलकट ठसा तिच्यावर बसतो आणि सगळ्या चित्रावर धुके पसरते. ठसा नसेल तर इंटरनेटकडे पाहावे. दोघांमधल्या कॉलवर १२८० गुणिले ७२० बिंदूंच्या चित्रासाठी झूम सेकंदाला सुमारे १.२ मेगाबिटची शिफारस करते, आणि इतरांना आपण कसे दिसतो हे अपलोडच्या वेगावर अवलंबून असते, डाउनलोडच्या नव्हे. राउटरजवळ बसावे किंवा केबल जोडावी, आणि कॉलच्या वेळी मोठ्या फायली वर चढवणे थांबवावे.

मागे फिरणारा पंखा किंवा हलणारी पाने असतील तर तीही चित्र बिघडवतात, कारण व्हिडिओ पाठवताना मुख्यतः आधीच्या चित्रापेक्षा बदललेला भाग पाठवला जातो. मागे सतत हालचाल असेल तर उपलब्ध वेग तिच्यावर खर्च होतो आणि चेहऱ्याच्या वाट्याला चौकोनी ठोकळे येतात.

प्रश्न : दिसण्याच्या चर्चेत आवाजाचा काय संबंध?

फार जवळचा. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेच शब्द, तेच बोलणे, पण आवाज एकदा स्वच्छ आणि एकदा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा ऐकवला, तेव्हा दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्यांना बोलणारी व्यक्ती कमी हुशार, कमी विश्वासार्ह आणि नोकरीसाठी कमी योग्य वाटली. आपला आवाज इतरांना कसा ऐकू येतो हे आपल्याला कॉलवर कळतच नाही, म्हणून एक मिनिटाचे रेकॉर्डिंग करून ऐकावे. साधे तार असलेले इअरफोनही लॅपटॉपच्या मायक्रोफोनपेक्षा बहुधा चांगला आवाज देतात, कारण त्यांचा मायक्रोफोन तोंडाजवळ असतो. तो कपड्यावर घासत नाही ना, एवढे पाहावे. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पडदे, गाद्या आणि पुस्तके तो शोषून घेतात.

प्रश्न : सर्व वेळ माझी नजर माझ्याच चित्राकडे जाते आणि शेवटी थकवा येतो. हे केवळ मलाच होते का?

बहुतेकांना होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार संभाव्य कारणे मांडली, आणि सतत स्वतःला पाहत राहणे हे त्यांपैकी एक आहे. बाकीची म्हणजे जवळून रोखलेल्या नजरांचा भार, हावभाव समजून घेण्याचे आणि पोचवण्याचे वाढलेले कष्ट आणि एकाच जागी खिळून बसणे. एरवी दिवसभर कोणी आपल्यासमोर आरसा धरून बसत नाही.

कॉल सुरू होताच आपली चौकट, उजेड आणि पार्श्वभूमी एकदा तपासावी, आणि मग स्वतःचे चित्र स्वतःपुरते लपवण्याचा पर्याय निवडावा. इतरांना आपण दिसतच राहतो. स्वतःकडे पाहणे थांबल्यावर चेहरा सैल पडतो, हसू सहज येते आणि बोलण्याकडे लक्ष लागते, त्यामुळे दिसण्यातही फरक पडतो. लांबलचक बैठकीत बोलायचे नसेल तेव्हा सांगून थोडा वेळ कॅमेरा बंद ठेवण्यातही काही गैर नाही.

प्रश्न : समोरची व्यक्ती अंधारात किंवा अर्धीच दिसत असेल, तर तिला सांगावे का?

सांगावे, पण सर्वांसमोर नव्हे आणि दिसण्यावर शेरा मारल्यासारखे नव्हे. खासगी संदेशात “तुमच्या मागे खिडकी आहे, त्यामुळे चेहरा नीट दिसत नाही, लॅपटॉप थोडा फिरवता येईल का?” एवढे लिहिले की पुरते, कारण त्यात अडचण आणि उपाय दोन्ही येतात. मुलाखत घेणाऱ्यांनी तर प्रश्नांना सुरुवात करण्याआधी उमेदवाराला जागा आणि उजेड ठीक करण्यासाठी एक-दोन मिनिटे आपणहून द्यावीत. वयस्कर मंडळींना फोनवर सूचना देत बसण्यापेक्षा पुढच्या भेटीत त्यांची खुर्ची, फोनचा स्टँड आणि दिवा यांची जागा एकदाच ठरवून, टेबलावर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक कॉलवर त्यांचा चेहरा पूर्ण आणि उजेडात दिसेल.